जहाज विकून आणलेली मत्स्यकन्या

ऐन पेरणीच्या तोंडावर कोणी बैलजोडी विकली आणि त्या पैशात वाळलेली मत्स्यकन्या घरी आणली, असं सांगितलं तर तुम्ही त्या माणसाला वेड्यात काढाल. त्यातून ती बैलजोडी सामाईक असेल, रुपयात दोन आणे वाटा त्याचा आणि चौदा आणे दुसऱ्याचा, तर मग विचारायलाच नको. पण असा व्यवहार खरोखर झालेला आहे. बैलजोडीच्या जागी जहाज होतं, एवढाच फरक.

साल १८२२. सॅम्युअल बॅरेट ईड्स नावाचा अमेरिकन कप्तान ‘पिकरिंग’ हे जहाज घेऊन बटाव्हियाला, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील जकार्ता बंदरात आला. जहाजात त्याचा वाटा आठवा. बाकी सात हिस्से स्टीफन एलरी या व्यापाऱ्याचे. तिथे डच व्यापाऱ्यांकडे कप्तानाने एक वस्तू पाहिली आणि त्याची मती गुंग झाली. वर माणसासारखं डोकं, दोन हात, छाती; कमरेखाली सरळ मासा. जपानच्या समुद्रात सापडलेली अस्सल मत्स्यकन्या म्हणून ती दाखवली जात होती. ईड्सने भागीदाराला न विचारता जहाज विकलं, हजारो डॉलर मोजले आणि ती वस्तू पेटीत घालून लंडनची वाट धरली. लंडनमध्ये लोक रांगा लावतील, वर्षभरात जहाजाची किंमत वसूल होईल, असा त्याचा हिशेब.

हिशेब कसा फसला आणि दुसऱ्याच कोणी त्याच वस्तूवर पैसा कसा केला, ही हकिकत आपण आज पाहणार आहोत. दोनशे वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची गोष्ट आपल्याला काय कामाची, असं म्हणू नका. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

वस्तू होती तरी कशी?

मत्स्यकन्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लांब केसांची सुंदर बाई येते. ही तशी नव्हती. लांबी जेमतेम तीन फूट. रंग काळपट, कातडी सुरकुतलेली, तोंड वासलेलं, दात बाहेर, हात वर घेतलेले. जणू तडफडून प्राण गेला असावा. पाहणाऱ्याला किळस यावी अशी. पण गंमत पाहा, ती कुरूप होती म्हणूनच लोकांना खरी वाटली. खोटं करायचं असतं तर सुंदर केलं नसतं का, असा लोकांचा सरळ विचार.

कलेच्या भाषेत याला मिश्र माध्यमातलं शिल्प म्हणता येईल. म्हणजे एकाच दगडातून किंवा लाकडातून घडवलेली मूर्ती नव्हे. हाड, कातडं, कापूस, कागद, लाकूड, तार, माती, सरस असं जे हाताशी असेल ते जोडून केलेली वस्तू. आपल्याकडे पोळ्याचे बैल सजवताना किंवा जत्रेसाठी सोंगं करताना कागदाचा लगदा, चिंध्या, बांबूच्या कामट्या वापरतात, त्याच जातीचं हे काम. फरक इतकाच की सोंग हे सोंग म्हणून दाखवलं जातं. ही वस्तू मात्र खरा प्राणी म्हणून विकली गेली.

कोळ्यांचा जोडधंदा आणि पीकपाण्याचं भाकीत

अशा मत्स्यकन्या जपानमधील कोळी आणि कारागीर तयार करीत. जपानीत त्यांना ‘निंग्यो’ म्हणतात. तिथे जुनी समजूत अशी की निंग्योचं मांस खाल्लेली एक मुलगी आठशे वर्षं जगली. त्यामुळे निंग्यो म्हणजे दीर्घायुष्य, रोगराईपासून रक्षण, असा भाव लोकांच्या मनात पक्का. जत्रेत पैसे घेऊन अशा वस्तू दाखवीत. काही देवळांत त्या पेटीत जपून ठेवलेल्या आजही आहेत.

त्या काळी युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बेटावर राहून जपानशी व्यापार करण्याची मुभा होती. तिथल्या डच वखारीतल्या माणसांनी एक मजेशीर हकिकत नोंदवून ठेवली आहे. एका कोळ्याने माकडाचा वरचा भाग आणि माशाचा खालचा भाग बेमालूम जोडला आणि गावात सांगितलं की, हा प्राणी जाळ्यात जिवंत सापडला होता. मरण्यापूर्वी तो बोलला. काय बोलला? येती काही वर्षं पीकपाणी उत्तम होईल, पण त्याबरोबर जीवघेणी साथ येईल. उपाय एकच, या प्राण्याचं चित्र घरात ठेवा. झालं! चित्रांचा खप तडाखेबंद झाला. पुढे ती वस्तू डच वखारीत विकली गेली आणि तिथून बटाव्हियाला पोहोचली, असं ती हकिकत सांगते.

कोळ्याची हुशारी बघा. आधी चांगलं पीक सांगितलं, म्हणजे ऐकणारा खूष. मग साथीची भीती घातली, म्हणजे ऐकणारा घाबरला. आणि लगेच स्वस्तातला उपाय पुढे केला. गोड बातमी, भीती, उपाय. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१८४६ साली जपानच्याच हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतो भागात, अशीच एक बातमी छापील पत्रकातून पसरली. समुद्रातून ‘आमाबिए’ नावाचा लांब केसांचा, चोचीचा, अंगावर खवले असलेला प्राणी वर आला. सहा वर्षं पीक चांगलं येईल, रोगही येईल, माझं चित्र लोकांना दाखवा, असं सांगून गेला. २०२० साली करोनाच्या साथीत हाच आमाबिए जपानमध्ये पुन्हा घरोघर दिसू लागला. तिथल्या आरोग्य खात्यानेही काळजी घेण्याच्या आवाहनात त्याचं चित्र वापरलं.

यात हसण्यासारखं काही नाही. ज्याचं पोट पावसावर आहे तो पुढच्या वर्षाचा अंदाज शोधणारच. आपल्याकडेही अक्षय्य तृतीया आली की भेंडवळच्या घटमांडणीत काय निघालं, याची पारावर चर्चा होतेच ना? अंदाज ऐकणं वेगळं आणि त्या अंदाजावर घरची पुंजी लावणं वेगळं.

लंडनमध्ये उघडं पडलं, तरी...

आता पुन्हा कप्तानाकडे. १८२२ च्या पावसाळ्याअखेर ईड्स लंडनला पोहोचला. तिथल्या एका प्रसिद्ध कॉफीगृहात त्याने मत्स्यकन्या मांडली, एक शिलिंग तिकीट लावलं. गर्दी लोटली. पण त्याआधी त्याने शहाणपणा म्हणून की आगाऊपणा म्हणून, ती तज्ज्ञाला दाखवली होती. सर एव्हरार्ड होम हे तेव्हाचे नामांकित शरीरशास्त्रज्ञ. त्यांच्या वतीने विल्यम क्लिफ्ट यांनी वस्तू तपासली. कवटी ओरांगउटान वानराची, जबडा आणि दात बबून माकडाचे, डोळे नकली आणि खाली माशाचं धड, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हे बाहेर सांगू नये अशी ईड्सची अट होती.

क्लिफ्ट गप्प राहिले. पण ईड्सच लोकांना सांगत सुटला की मोठमोठ्या तज्ज्ञांनी ही खरी ठरवली आहे. मग मात्र होम आणि क्लिफ्ट यांनी खरं काय ते जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी टर उडवली. तिकडे एलरीला आपलं जहाज विकलं गेल्याचा सुगावा लागला होता. तो कोर्टात गेला. लॉर्ड चान्सेलर एल्डन यांच्या न्यायालयाने हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत मत्स्यकन्या विकायची नाही, कुठे न्यायचीही नाही. म्हणजे वस्तू खोटी ठरली होती, पण तिच्यावर जप्तीसारखा मनाई हुकूम खराखुरा बसला!

१८२३ साल उजाडलं तशी लंडनची गर्दी ओसरली. पुढे अमेरिकेतला खेळवाला बार्नम याने आत्मचरित्रात लिहिलेल्या हकिकतीनुसार, कप्तानाला उरलेलं आयुष्य जहाजमालकाची चाकरी करून कर्ज फेडावं लागलं आणि मरताना मुलासाठी मागे राहिली ती एवढी एक वाळकी मत्स्यकन्या. बार्नमने हा सौदा कलकत्त्यात झाल्याचंही लिहिलं आहे. पण पुढच्या अभ्यासकांनी जुने कागद चाळून ठिकाण बटाव्हिया ठरवलं. दुसऱ्याचं जहाज विकणाऱ्याला शिक्षा झाली, हे योग्यच. पण वस्तू खोटी आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं, हेही तितकंच खरं.

विकली ती वस्तू नव्हे, जाहिरात

१८४२ मध्ये कप्तानाच्या मुलाने ती वस्तू बोस्टनच्या मोझेस किंबॉल या संग्रहालयवाल्याला विकली. किंबॉलने ती न्यूयॉर्कला फिनिअस बार्नमकडे नेली. बार्नमने आधी एका जाणकाराला दाखवली. जाणकार म्हणाला, सांधा कुठे आहे ते मला दिसत नाही, पण ही बनावटच. का? तर मत्स्यकन्या नसतातच म्हणून. बार्नम काय समजायचं ते समजला. जाणकाराच्याही नजरेला सांधा दिसत नाही, मग सामान्य माणसाचं काय! त्याने आठवड्याला साडेबारा डॉलर भाड्याने ती घेतली.

मंडळी, आता पुढचं जरा सावकाश वाचा.

बार्नमने आधी वस्तू दाखवलीच नाही. वेगवेगळ्या गावांहून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना पत्रं धाडली. त्यांत इकडची तिकडची खबरबात, आणि ओघाओघात, डॉक्टर ग्रिफिन नावाचे विद्वान एक मत्स्यकन्या घेऊन चालले आहेत, असा उल्लेख. पत्रं दूरदूरच्या टपालाची, म्हणून संपादकांना संशय आला नाही. मग हे डॉक्टर ग्रिफिन न्यूयॉर्कला उतरले. ते डॉक्टर नव्हतेच. लेव्ही लायमन नावाचा बार्नमचाच माणूस तो. मत्स्यकन्या कोणाला दाखवायला ते म्हणे तयारच होईनात! माणसाचा स्वभाव असा की नाही म्हटलं की हवंच. सुंदर मत्स्यकन्यांची चित्रं वर्तमानपत्रांत छापून आली, हजारो पुस्तिका शहरात वाटल्या गेल्या. नाव दिलं ‘फीजीची मत्स्यकन्या’. फीजी बेटांशी तिचा काडीचाही संबंध नसताना.

आठवडाभर सभागृहात दाखवून मग ती बार्नमच्या संग्रहालयात आली. तिकीट पंचवीस सेंट. पहिल्या चार आठवड्यांत संग्रहालयाचं उत्पन्न आधीच्या चार आठवड्यांच्या मानाने जवळपास तिप्पट झालं. बाहेर फलकावर रूपसुंदरी, आत काळं वाळकं माकडतोंड. जत्रेतल्या तंबूबाहेरचं नागकन्येचं चित्र आणि आतला प्रकार ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण पंचवीस सेंटसाठी कोण भांडणार? उलट, खरी की खोटी हे तुम्हीच येऊन ठरवा, असं म्हटल्यावर वाद घालण्यासाठीसुद्धा लोक तिकीट काढू लागले.

१८४३ मध्ये मत्स्यकन्या अमेरिकेच्या दक्षिण भागात दौऱ्यावर निघाली. चार्ल्सटन शहरात जॉन बाकमन या धर्मोपदेशकाने, जो स्वतः प्राणिशास्त्राचा अभ्यासक होता, ती खोटी असल्याचं ठणकावून सांगितलं. वर्तमानपत्रांत जुंपली. दौरा आवरता घ्यावा लागला. जिथे एक माणूस अभ्यास करून, उघडपणे, नावानिशी बोलला, तिथे खेळ थांबला. ही गोष्ट विसरू नका.

पुढे त्या मत्स्यकन्येचं काय झालं? बार्नमचं संग्रहालय १८६५ मध्ये जळालं. किंबॉलच्या वारसांनी १८९७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयाला एक मत्स्यकन्या दिली. ती हीच की दुसरी, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

यंत्राखाली काय निघालं?

आता अगदी अलीकडची गोष्ट. जपानच्या ओकायामा प्रांतात आसाकुची गावी एन्जुइन नावाचं बौद्ध मंदिर आहे. तिथे सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची मत्स्यकन्या पेटीत जपून ठेवलेली. पेटीतल्या चिठ्ठीत लिहिलेलं की अठराव्या शतकात, १७३६ ते १७४१ च्या दरम्यान, तोसाच्या समुद्रात कोळ्याच्या जाळ्यात सापडली. करोनाच्या काळात साथ टळावी म्हणून लोक तिची प्रार्थनाही करीत होते. तरीसुद्धा मंदिराने ती तपासणीला दिली. २०२२ मध्ये कुराशिकी इथल्या विद्यापीठात तिचा सीटी स्कॅन झाला, अगदी दवाखान्यात रुग्णाचा करतात तसा. फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल जाहीर झाला.

निकाल काय? वरच्या अंगात पाठीचा कणा नाही, बरगड्या नाहीत, कवटी नाही. डोक्यात मुख्यतः कापूस. धड कागद, कापड आणि कापूस यांचे थर देऊन केलेलं. हातांवर, खांद्यांवर, मानेवर फुग्यासारखा फुगणाऱ्या पफर माशाचं कातडं. जबडा मांसाहारी माशाचा. केस कुठल्याशा सस्तन प्राण्याचे. वरून वाळू, कोळशाची पूड मिसळलेला लेप. कमरेखाली मात्र खऱ्या माशाची हाडं आणि पर. तो मासा कोणत्या कुळातला? आपल्या कोकण किनाऱ्यावर घोळ, ढोमा म्हणतात त्या कुळातला. खवल्यांचं वय काढलं तर ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं निघालं. म्हणजे चिठ्ठीतली तारीखही दीडशे वर्षांनी चुकीची.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात अशीच एक वस्तू आहे. तीही माकड आणि मासा जोडून केलेली असणार, असं वर्षानुवर्षं धरून चालले होते. क्ष-किरण आणि स्कॅन केल्यावर कळलं की माकडाचा त्यात पत्ताच नाही. लाकूड, तार, कापड, माती, कागदाचा लगदा आणि मासा. म्हणजे खोटं आहे हे ओळखणारेही कशाचं खोटं आहे, यात चुकले होते. अंदाजापेक्षा तपासणी बरी म्हणतात ती अशी.

आणि हेही लक्षात घ्या की, तपासणीने मंदिराची लाज गेली नाही. कोणा अनाम कारागिराने कागद-कापसातून किती सफाईचं काम केलं, हे त्यामुळेच जगाला कळलं. खोटा प्राणी म्हणून ती वस्तू कवडीमोल, पण हाताची कला म्हणून मोलाची. नाव खरं लावलं की वस्तूला तिची खरी किंमत मिळते.

मग आपल्याकडे काय?

आपल्याकडे मत्स्यकन्या विकायला कोणी येत नाही, हे खरं. पण मांडूळ विकायला येतात. दोन तोंडांचा साप, घरात ठेवला की धनाचा पाऊस, अमुक वजनाचा असेल तर कोटीचं गिऱ्हाईक तयार! मांडूळाला दोन तोंडं नसतात. त्याची शेपटी बोथट असते म्हणून तसं भासतं. बिनविषारी, उंदीर खाणारा, म्हणजे शेतकऱ्याचा राखणदार. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तो पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. तरी या नादात माणसं पैशालाही मुकतात आणि तुरुंगातही जातात.

तसाच ‘राईस पुलर’. तांब्याचं जुनं भांडं, तांदूळ ओढतं म्हणतात. परदेशी संस्था कोट्यवधी रुपये देणार. फक्त तपासणीचा खर्च आधी भरा. तांदळाला आधीच लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि भांड्यात चुंबक. आणि बरोबर कोण असतं? कोट घातलेले ‘शास्त्रज्ञ’! २०१८ साली दिल्लीत पोलिसांनी अशाच प्रकरणात बापलेकाला पकडलं. एका व्यापाऱ्याला त्यांनी एक कोटीहून अधिक रुपयांना बुडवलं होतं. बार्नमचा डॉक्टर ग्रिफिन अजून मेलेला नाही, तो असा वेष बदलून फिरतो.

म्हणून वस्तू कोणतीही असो, साप असो, भांडं असो, की एकरी दुप्पट उत्पन्नाची हमी देणारी बिनलेबलाची बाटली असो, पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी बघा.

एक, वस्तूपेक्षा तिची गोष्ट मोठी आहे का? गोष्ट जितकी लांब तितका संशय धरा.

दोन, खरी ठरवणारा तज्ज्ञ कोणाचा माणूस आहे? विकणाऱ्यानेच आणलेला तज्ज्ञ हा तज्ज्ञ नव्हे. तपासणी आपण निवडलेल्या ठिकाणी करू द्या म्हणावं. कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुका कृषी अधिकारी आहेत, वन खात्याचं कार्यालय आहे. नकार दिला की समजून जा.

तीन, बोलू नका, कोणाला सांगू नका, अशी अट आहे का? चांगल्या मालाला गुपित लागत नाही.

चार, पैसा एकट्याचा आहे का? घरच्यांना, भावाला, भागीदाराला विचारल्याशिवाय सामाईक वस्तूला हात लावू नका. कप्तान ईड्स बुडाला तो मत्स्यकन्येमुळे जितका, तितकाच न विचारण्यामुळे.

पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना वेगळं सांगणं असं. फसलेला माणूस लाजेने बोलत नाही. त्यात मांडूळासारखं प्रकरण असेल तर आपणच अडकू म्हणून घाबरतो. त्याची थट्टा करू नका. थट्टा झाली की पुढचा फसलेला माणूस तोंड उघडत नाही आणि भामट्याला दुसरं गाव मोकळं मिळतं. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. फसवणुकीचा गुन्हा तर नोंदवता येतोच. ग्रामसभेत एकदा हा विषय घ्या. शाळेच्या गुरुजींना सांगून तांदूळ आणि चुंबकाचा प्रयोग मुलांकडून सर्वांसमक्ष करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, खर्च काहीच नाही.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आपले वाडवडील सांगून गेलेच आहेत. त्याला जोड एवढीच द्यायची की, जे दिसतं ते उघडून बघण्याची सोय आता आहे. जपानच्या मंदिराने श्रद्धेची वस्तू यंत्राखाली ठेवायला मागेपुढे पाहिलं नाही. मग विकायला आलेली वस्तू उघडून दाखव म्हणायला आपण का लाजावं?